‘ग्रीन पॅकेज’ बाजूला ठेव, आधी यादी काढ

*ताई, पाच महिन्यांनी माझं लग्न आहे. खर्च आम्ही दोघं आमच्या साठवणीतून करणार आहोत, कर्ज काढायचं नाही असं ठरवलंय. फार कचरा न करता, साधेपणाने लग्न व्हावं ही दोघांची मनापासून इच्छा आहे. पण एका इव्हेंटवाल्यांनी ‘ग्रीन वेडिंग पॅकेज’चा जो आकडा सांगितला, तो त्यांच्याच नेहमीच्या पॅकेजच्या दीडपट आहे. त्यात बियांच्या कागदाच्या पत्रिका, बांबूची सजावट, विघटनशील ताटं आणि पाहुण्यांना द्यायला कापडी पिशव्या आहेत. आठवड्याभरात कळवायचंय. पर्यावरण सांभाळणं फक्त पैसेवाल्यांनाच परवडतं का? दुसरी अडचण माणसांची. आम्हाला दीडशेच्या आसपास हवी आहेत, बाबांची यादी चारशेवर गेलीय. ‘कमी बोलावलं तर लोक म्हणतील खर्चाला घाबरले’ असं ते म्हणतात. आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना प्रत्येक पाहुण्याच्या हातात काहीतरी भेट द्यायचीच आहे. त्यांना दुखवायचं नाहीये. सुरुवात कुठून करू?*

*– गोंधळलेली*

आधी ज्याची घाई आहे ते सांगते. ते पॅकेज घेऊ नकोस. इव्हेंटवाल्यांना उद्याच नीट शब्दांत नकार कळव, म्हणजे डोक्यावरची मुदत जाईल आणि बाकीचा विचार शांतपणे करता येईल.

नकार का, तर त्या यादीतली प्रत्येक गोष्ट नव्याने विकत घ्यायची आहे. माणसं किती येणार, ती किती लांबून आणि कशी येणार, अन्न किती शिजणार आणि त्यातलं किती फेकलं जाणार, दिवे किती तास जळणार, यातल्या एकाही आकड्याला ते पॅकेज हात लावत नाही. लग्नाचा खरा भार याच आकड्यांत असतो आणि खर्चही तिथेच असतो. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. जी वस्तू आणलीच नाही, तिचे पैसे पडत नाहीत आणि तिचा कचराही होत नाही. काही मोजक्या ठिकाणी मात्र चांगला पर्याय महाग पडतो. त्या जागा पुढे सांगते, कारण इतरत्र वाचलेला पैसा तिथे लागणार आहे.

पॅकेजमधल्या वस्तूंबद्दल थोडं बोलायला हवं, कारण याच वस्तू तुला उद्या दुसरा कोणीतरी दाखवेल. ‘विघटनशील’ म्हणून विकली जाणारी बरीच ताटं-चमचे पीएलए नावाच्या, मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लास्टिकचे असतात. ते नीट कुजायला साधारण ६० अंश सेल्सिअस उष्णता टिकवणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. घरामागच्या खड्ड्यात किंवा उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. कागदी कपांना बहुतेक वेळा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते ना रद्दीत जातात ना खतात. बियांचा कागद कल्पना म्हणून गोड आहे, पण तो रुजवायला माती, पाणी आणि रोजची आठवण लागते आणि पत्रिका बहुतेक घरांत फ्रिजवर किंवा खणात जाऊन पडतात. कापडी पिशव्यांचं तर ऐकून तुला धक्का बसेल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा सगळ्या बाजूंनी हिशेब मांडला. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तुलना करता, साध्या सुती पिशवीचा नुसता हवामानावरचा भार भरून निघायला ती किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, जमीन, रसायनं वगैरे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. दुसरा आकडा बाजूला ठेवला तरी पहिला पुरेसा आहे. ज्या घरात आधीच सात-आठ कापडी पिशव्या आहेत, तिथे आणखी एक नवी, तुमची नावं छापलेली पिशवी ५२ वेळा बाजारात जाईल का?

तर खरेदी बाजूला ठेव आणि वही घेऊन यादीपाशी बस.

चारशे आणि दीडशे यांच्यातली ओढाताण ही तुझ्या लग्नातली सगळ्यात मोठी पर्यावरणाची आणि सगळ्यात मोठी पैशाची गोष्ट आहे. जेवण, खुर्च्या, जागा, गाड्या, पाणी, कचरा सगळं माणसांच्या संख्येने गुणलं जातं. एवढं मोठं वजन असल्यामुळेच इथे घाईने कात्री लावू नकोस. बहुतेक घरांत यादी लहान करताना एकेक नाव वाचलं जातं आणि ‘हे हवेत की नकोत’ असा निवाडा होतो. त्यात माणसं दुखावतात, नाव वाचणारेसुद्धा. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: हे किती जवळचे, आणि हे किती लांबून येणार. जवळचे आणि जवळ राहणारे, त्यांचा प्रश्नच नाही. जवळचे पण लांबचे, त्यांना यायलाच हवं, आणि त्यांच्या प्रवासाची सोय आपण करायची. फारसे जवळचे नाहीत पण त्याच भागात राहतात, त्यांच्यातून काही निवडायचे. उरतात ते फारसे जवळचे नसलेले आणि लांब राहणारे. ही मंडळी निव्वळ रीत पाळायला रजा काढून, गाडीत तेल भरून येतात आणि जेवून परत जातात. त्यांना ‘आम्ही घरच्या घरी करतोय, तुमचे आशीर्वाद हवेत’ असा प्रेमाने फोन केला, तर त्यांतल्या बऱ्याच जणांना मनातून बरंच वाटेल.

बाबांना ‘दीडशेच’ असं सांगू नकोस. त्यांना वाटा दे. दीडशेमधले चाळीस तुम्हा दोघांचे मित्र आणि सहकारी, पंचावन्न तुझ्या घरचे, पंचावन्न त्याच्या घरचे. पंचावन्न कोण, हे बाबांनी ठरवायचं आणि तू त्यात एका नावालाही हात लावायचा नाही. माणसाच्या हातात निवड असली की आकडा सोसवतो. त्यांनी साठ केले तर भांडू नकोस. शेवटी सगळे मिळून एकशे ऐंशी झाले तरी ती चारशेच्या निम्म्याहून कमी माणसं आहेत.

आता ‘लोक म्हणतील’बद्दल. यात बाबांचं नुसतं नावाचं वेड आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरच्या कार्यात आपण जेवून आलो, त्यांना आपल्या घरच्या कार्याला न बोलावणं हा बाबांना आपल्याकडून होणारा अपमान वाटतोय, आणि ती भावना खरी आहे. तिची थट्टा करू नकोस, तिच्यावर पर्यावरणाचं व्याख्यानही देऊ नकोस. ज्यांना बोलावणं जमत नाही, त्यांना बाबांनी लग्नाच्या आधी स्वतः फोन करावा. नंतर नाही, आधीच. आणि लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही दोघांनी त्यांतल्या वयस्कर मंडळींना घरी जाऊन भेटून यावं, त्याच भागातल्या चार-पाच घरांना एका फेरीत. चारशेच्या गर्दीत रांगेतून येऊन स्टेजवर अर्धा मिनिट भेटण्यापेक्षा ही भेट त्यांना जास्त मानाची वाटेल. बाबांना हेच सांग, आणि पहिल्या दोन भेटींना त्यांनाही सोबत ने.

यादी झाली की जागा. हॉल सुंदर आहे का, हा प्रश्न नंतर. आधी यादीतली बहुतेक माणसं जिथे राहतात त्या भागात लग्न करता येईल का ते पाहा. इथे एक छोटा हिशेब करून दाखवते. समज, एकशे वीस माणसं लांबून येणार आहेत, एकेका गाडीत तिघं, म्हणजे चाळीस गाड्या. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, आणि गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते. एका गाडीला वीस लिटर, सगळ्या मिळून आठशे लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एकूण १,८४० किलो. हीच माणसं तीन बसमधून आली, आणि बस लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं, तर तिन्ही बसना मिळून सव्वादोनशे लिटर डिझेल लागेल. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो धरले तर साधारण ६०० किलो, म्हणजे तिसरा हिस्सा. रेल्वेने येणं शक्य असेल तर बहुतेक वेळा आणखी कमी. तुमच्या गाड्या आणि अंतरं वेगळी असतील, आकडे बदलतील, पण प्रमाण फारसं हलत नाही.

आणि हो, ‘कमी माणसं आहेत, तर कुठेतरी दूर रमणीय ठिकाणी करू’ असा मोह होईल. कोणीतरी सुचवेलच. चाळीस माणसं विमानाने नेली, तर यादी लहान करून जे कमावलं ते त्या एका प्रवासात सहज जाऊ शकतं. ते करू नका.

हॉल पाहायला जाशील तेव्हा फोटो काढण्याआधी काही प्रश्न विचार. तुमच्याकडे स्वतःची स्टीलची किंवा काचेची भांडी आहेत का, आणि ती धुण्याची जागा आहे का? पिण्याचं पाणी भरून घ्यायची सोय आहे का? दिवसा दिवे न लावता चालेल इतका उजेड येतो का, हवा खेळती आहे का? ओला कचरा कुठे जातो? सजावट तुमच्याच माणसाकडून करून घ्यायची सक्ती आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं देताना ते अडखळले, तर पुढच्या हॉलकडे चल. स्वस्त हॉल घेऊन सक्तीचा डेकोरेटर आणि सक्तीचा जनरेटर गळ्यात पडला, तर तो स्वस्त राहत नाही.

वेळ दिवसाची ठेव. दुपारच्या जेवणापर्यंत कार्य आटोपलं की रोषणाईचा सगळा प्रश्न निम्म्याहून कमी होतो, लांबचे लोक उजेडात घरी पोचतात आणि मुक्कामाच्या खोल्या वाचतात. आदल्या-नंतरच्या वेगवेगळ्या समारंभांचं काय, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते: जे एकत्र करता येतील ते एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच सजावटीत करा. प्रत्येक वेगळ्या समारंभाला वेगळे कपडे, वेगळी फुलं, वेगळं जेवण आणि पाहुण्यांची वेगळी फेरी लागते.

आता जेवण. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण लग्नात सगळ्यात जास्त वाईट मला वाटतं ते इथेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात घरं, हॉटेलं-केटरिंग आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हे अन्न ढिगाखाली हवेशिवाय कुजलं की मिथेन तयार होतो आणि वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. शिवाय ते पिकवायला लागलेलं पाणी, शिजवायला लागलेला गॅस आणि तुझे पैसे, हे सगळंही त्याच ढिगात जातं.

नासाडी ताटात दिसते, पण सुरुवात मेनूपासून होते. पदार्थ जितके जास्त, तितकी प्रत्येक पदार्थाची शिल्लक जास्त. केटररला प्रत्येक पदार्थ शेवटच्या माणसापर्यंत पुरवायचा असतो, म्हणून तो प्रत्येकात थोडं जास्तीचं धरतो. पाहुणा प्रत्येकातलं थोडं घेऊन पाहतो आणि जे आवडत नाही ते टाकतो. पंचवीस पदार्थांच्या जागी नऊ-दहा ठेव, पण ते उत्तम असू देत. त्या हंगामात जवळपास पिकणाऱ्या भाज्या आणि फळं घे, कारण ती स्वस्त असतात आणि ताजी लागतात. मांसाहार ठेवणार असाल तर लाल मांस, म्हणजे मटण वगैरे, टाळा. पोषणाच्या मानाने सगळ्यात जास्त जमीन आणि सगळ्यात जास्त हवा तापवणारे वायू त्याच्याच वाट्याला येतात. दुधाचे पदार्थही हलके नाहीत, म्हणून एकाच जेवणात चार-पाच ठेवण्याऐवजी एखाद-दुसराच चांगला ठेवा.

बसवून वाढायचं की बुफे, यावर लोक हिरिरीने बोलतात. माझं मत असं, की तुझ्याकडे विचारून वाढणारी, ओळखीची, उत्साही माणसं असतील तर बसवून वाढण्यासारखं काही नाही. नुसते भराभर वाढून पुढे जाणारे वाढपी असतील तर बुफे बरा. बुफे असेल तर ताटं लहान घे. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही हॉटेलांनी ताटांचा आकार कमी केला, काहींनी ‘पुन्हा पुन्हा घ्यायला या’ अशा अर्थाची पाटी लावली. दोन्हीकडे वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं आणि पाहुण्यांची तक्रार वाढली नाही. या दोन्ही गोष्टींना खर्च जवळजवळ नाहीच. पाटीवर मात्र ‘अन्न टाकू नका’ असं दटावू नकोस. पाहुणे जेवायला आलेत, शिकवणी लावायला नाही. ‘सावकाश जेवा, हवं तितक्यांदा घ्या’ एवढं पुरे.

केटररशी बोलताना आकडा पक्का हवा. आपल्या लोकांना ‘येणार की नाही ते कळवा’ असं लिहून पाठवलं तरी कळवत नाहीत, हे तुला माहीत आहेच. म्हणून दोन्ही घरांतला एकेक चिकाटीचा माणूस निवड आणि दहा दिवस आधी सगळ्यांना फोन करायचं काम त्यांच्याकडे दे. ‘कितीजण येताय आणि कसे येताय’ हे दोन्ही त्याच फोनवर विचारायचं, म्हणजे बसचा हिशेबही तिथेच होतो. केटररशी ठरवताना ‘लागलं तर’ म्हणून मोठी रक्कम आधीच मान्य करू नकोस. पक्क्या आकड्याच्या वर थोडी शिधासामग्री हाताशी ठेवायची आणि गरज पडली तरच शिजवायची, हे आधी बोलून लिहून घे. न शिजवलेलं परत जातं, शिजवलेलं जात नाही.

तरीही काही उरेलच. ते कुणाला द्यायचं हे लग्नाच्या रात्री ठरवता येत नाही, आधी ठरवावं लागतं. उरलेलं अन्न गोळा करणारी संस्था किंवा जवळचं वसतिगृह, आश्रम यांच्याशी दोन आठवडे आधी बोला, किती वाजता गाडी येईल ते ठरवा. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून भांड्यातलं न वाढलेलं अन्नच द्यायचं आणि गाडी येईपर्यंत ते वाफाळतं, ६० अंशांच्या वर ठेवायचं. ताटातलं उरलेलं कुणाला द्यायचं नाही, ते खतात जाऊ दे. दान म्हणून शिळं अन्न देणं मला अजिबात मान्य नाही.

भांडी आणि पाणी. इथे आपण त्या जागी आलो, जिथे चांगला पर्याय महाग पडू शकतो. एकदाच वापरायची ताटं आणायची आणि टाकायची, हे वरवर स्वस्त दिसतं. स्टीलची ताटं भाड्याने आणली तर धुणारी माणसं लागतात, त्यांची मजुरी लागते. ती दे, आणि पूर्ण दे. इतरत्र वाचलेल्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. पाण्याच्या लहान बाटल्या मात्र पूर्ण बंद. अर्धी प्यालेली बाटली बाजूला ठेवून माणूस दुसरी उघडतो, हे तूही पाहिलं असशील. मोठी भांडी किंवा जार, स्वच्छ पेले आणि पेला अर्धा भरून देणारा माणूस असला की झालं.

दुसरी खर्चाची जागा म्हणजे बस. आपापल्या गाडीने आलेल्या पाहुण्यांचं पेट्रोल त्यांच्या खिशातून जातं, बसचं भाडं तुझ्या खिशातून जाईल. हे टोचेल, पण तुझ्या यादीतली अडीचशे नावं कमी झाली की त्यातून तीन बस नक्की निघतील. तिसरी जागा म्हणजे कचऱ्यापाशी उभा राहणारा माणूस. ओला आणि सुका असे दोन डबे नुसते ठेवून उपयोग होत नाही, अर्ध्या तासात दोन्हींत सगळं एकत्र होतं. तिथे दोघांना दिवसभर उभं करा, हातमोजे द्या, त्यांचं जेवण वेळेवर द्या, मोबदला नीट द्या. आणि ओला कचरा खतासाठी नेणारी व्यवस्था आधी पक्की करा, नाहीतर वेगळा केलेला कचरा संध्याकाळी एकाच गाडीत जातो.

सजावटीवर मी फार वेळ घालवणार नाही, तूही घालवू नकोस. फुलं हंगामातली, जवळून आलेली आणि कमी. एक गोष्ट मात्र डेकोरेटरला स्पष्ट विचार: फुलं खोचायला हिरवा स्पंज वापरता का? तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेला प्लास्टिकचा फेस असतो, तो कुजत नाही आणि चुरा होऊन मातीत-पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. पाणी भरलेली भांडी, तारेची जाळी, दोरा यांवर फुलं छान उभी राहतात. थर्माकोल, चमकी, फुगे, फटाके, आकाशात सोडायचे कंदील यांतलं काहीही नको. यावर तडजोड करू नकोस, कारण यांच्याशिवाय कुणाचं काही अडत नाही. कुंड्यांतली झाडं भाड्याने मिळत असतील तर ती आण, दुसऱ्या दिवशी परत जातील. कापडी पडदे, चादरी, जुनी पितळी भांडी दोन्ही घरांत असतीलच, ती काढ.

पत्रिका बहुतेकांना फोनवर पाठव. छापील हव्यात त्या फक्त वयाने मोठ्या माणसांसाठी, साध्या कागदावर, प्लास्टिकचा थर आणि सोनेरी चमक न लावता. हा विषय एवढाच आहे.

कपड्यांबाबत एकच कसोटी लाव: लग्नानंतर वर्षभरात हे मी किमान चार वेळा नेसेन किंवा घालेन का? उत्तर नाही असेल, तर भाड्याने घे किंवा आई, मावशी, बहीण यांच्या कपाटातलं नीट करून घे. चांगल्या शिंप्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. दागिन्यांसाठी नवं सोनं घ्यायच्या आधी घरात पडून असलेलं मोडून घडवता येतंय का ते बघ. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे सोन्याच्या छोट्या खाणी, आणि पाऱ्याला आवर घालण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता कराराने त्यांच्यावर वेगळं कलम ठेवलं. सोनं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा कस जात नाही, त्यामुळे आजीच्या बांगडीतून झालेली अंगठी नव्या अंगठीइतकीच नवी असते. घडणावळ लागते, पण सोन्याचे पैसे वाचतात.

राहिल्या सासूबाई. त्या तुझ्या विरोधात नाहीत, हे आधी लक्षात घे. आपल्या घरच्या कार्याला आलेला माणूस रिकाम्या हाती जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि तशी माया असलेलं सासर मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. हे बोलणं तू करू नकोस, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने करावं. त्याच्या आईला नाही म्हणायचं काम लग्नाआधीच तुझ्यावर टाकणं बरोबर नाही. त्याने त्यांना ‘भेट नको’ असं सांगायचं नाही. ‘आई, वस्तू नको, खायचं काही देऊ, आणि ते तू ठरव’ असं सांगायचं. खाल्लं जाणारं, थोडे दिवस टिकणारं, त्यांच्या हातचं किंवा त्यांनी निवडलेल्या कुणा घरगुती उद्योग करणाऱ्या बाईंकडून करून घेतलेलं, कागदाच्या पुडीत बांधलेलं. प्रत्येक माणसाला नाही, प्रत्येक घराला एक. दीडशे माणसं म्हणजे साधारण पन्नास घरं, त्यामुळे खर्चही हातात राहतो. झाडांची रोपं द्यायची कल्पना त्यांनी काढली, तर ज्यांनी मागितली त्यांनाच द्यावी. प्रवासात आणि फ्लॅटच्या खिडकीत बरीच रोपं महिन्याभरात मरतात. आणि पुड्या देण्याचं काम दाराशी त्यांनाच करू दे. निघणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलून, आपल्या हाताने काही देता आलं की त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळेल.

पाहुण्यांनी तुम्हाला काय द्यायचं, हे मात्र आत्ताच फोनवरच्या पत्रिकेत एका ओळीत लिहून टाक. वस्तू नकोत असं वाटत असेल तर तसं सरळ लिही. घरासाठी काही हवंच असेल तर दोन-तीन गोष्टी जवळच्या नातेवाइकांना सांगून ठेव, म्हणजे दोघा-तिघांनी मिळून एक आणली जाईल. नाहीतर चार घड्याळं आणि सहा डिनर सेट घरात येतील, आणि ते पुढच्या लग्नांत वाटत फिरावं लागेल.